बुटांपाशी उभा इसाकभाई

माझ्या बायकोला, सुशीलाला, क्रेमेटोरियममध्ये पोचवून घरी आलो, तेव्हा माझ्या दारात बुटांचा ढीग पडला होता. बायका आतल्या खोलीत, पुरुष पुढच्या, आणि सगळ्यांचे बूट पॅसेजमध्ये एकावर एक. तो ढीग ओलांडून नदीम आत आला. काळा सूट, काळा टाय, कानाशी थोडे पांढरे केस. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काका, आय ॲम सो सॉरी. आंटी माझा आईसारखा होता."

मी म्हटलं, "बूट लाव."

"सॉरी?"

"बाहेर ढीग पडलाय बुटांचा. तो लाव. सगळ्यांचे लाव. मग आत ये."

माझी मुलगी मंदा धावत आली, "बाबा, प्लीज," म्हणाली आणि नदीमला कोपराला धरून सोफ्यावर नेऊन बसवलं. त्याला चहा दिला. लोक एकमेकांच्या कानात बोलले की म्हातारा दुःखानं भ्रमलाय.

भ्रमलोबिमलो नाही. मी काय बोललो ते त्या नदीमला बरोबर समजलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. आज तो आमच्या रस्त्यावरच्या मशिदीच्या कमिटीचा चेअरमन आहे. बापाच्या खुर्चीत बसलाय आणि कोण कुठे चुकतं ते बघतोय. त्याची एक शिक्षा राहिलीय हे ठाऊक असलेली, आणि त्याचं वाईट वाटणारी, शेवटी दोनच माणसं उरली होती. मी आणि सुशीला. आता मी एकटा. म्हणून लिहायला बसलो. चौथीला शाळा सुटली, पुढचं सगळं आयुष्य भट्टीपुढे गेलं, तेव्हा जसं येईल तसं लिहितो. हे नदीमवर नाही. तो माझ्या शाईच्या लायकीचा नाही. हे इसाकभाईवर आहे.

इसाकभाई म्हणजे आमचा शेजारी, सुशीलाच्या आधीच गेला. इंग्लंडात, स्लाऊला, आमची दोन घरं एका भिंतीची. तो दापोलीकडचा कोकणी मुसलमान, मी महाडचा. भेटलो ते बिस्किटांच्या कारखान्यात, ट्रेडिंग इस्टेटवर. मी कानडी असतो किंवा तो पंजाबी असता तर आमचं तसं जमलं नसतं. तो तोंड उघडायचा आणि मला गावची खाडी दिसायची. तरुणपणी बोटीवर खलाशी होता, त्यामुळे चालताना पाय फाकवून चालायचा, जसा काही स्लाऊचा फुटपाथ हलतोय. ठेंगणा, रुंद, दाढी मेंदी लावून लाल केलेली. बोलायचा ते ओरडूनच. बोटीच्या इंजिनापुढे बोलून बोलून तशी सवय लागलेली. सुट्टीवरून येताना सुटकेसमध्ये सुके बोंबील आणायचा आणि मागच्या अंगणात दोरीवर टांगायचा. पलीकडच्या गोऱ्या बाईनं कौन्सिलला कळवलं. कौन्सिलचा माणूस आला तर इसाकभाईनं त्यालाच दोन बोंबील तळून खायला घातले. तो खाऊन गेला. बोंबील टांगलेलेच राहिले.

त्याला चांगला माणूस म्हणून रंगवायचं माझ्या मनात नाही. भांडखोर होता. न विचारता आमचं कुंपण दुरुस्त करायचा आणि वर म्हणायचा, "तुजा हात म्हणजे बायकांचा हात." पत्त्यांत सरळसरळ चोरी करायचा. रविवारी दुपारी आमच्या किचनमध्ये डाव पडायचा. इसाकभाईच्या बाहीतून गुलाम निघायचा आणि सुशीला त्याचा हात धरायची.

"भाऊ, काय हे? पाच वेळची नमाज पढता तुम्ही!"

"पकडलंस ना? मग शिक्षा सांग. भाषण नको."

सुशीला आठवड्याची लसूण त्याच्यापुढे ओतायची. मांडी घालून, खाली मान घालून तो सगळी सोलायचा. एकदा चोरी मी केली. सुशीला हसून म्हणाली, "जाऊ दे, घरचंच माणूस." तर इसाकभाई उठून उभा राहिला. पत्ते टेबलावर आपटले. "घरचा म्हणून सोडतंस? मग मला कनाला सोलायला लावलंस? माज्या हाताचा वास आठ दिवस जात नाय!" लसूण मलाही सोलावी लागली. ती सोलेपर्यंत तो कमरेवर हात ठेवून बघत उभा.

हा त्याचा किडा होता. कोणीही कुठलाही नियम सांगितला की त्याचा एकच सवाल. "आन् मोठ्याला?"

फोरमननं सांगितलं, उशिरा आलात तर अर्धा तास कापणार. "आन् मोठ्याला?" शाळेनं सांगितलं, पोरांनी केस कापून यावं. "आन् मोठ्याला?" कारखान्यात त्याला सगळे त्याच नावानं चिडवायचे. गोरे लोकसुद्धा. अँडमोट्याला, अँडमोट्याला, असं म्हणायचे.

सुशीला तेव्हा पॅकिंगच्या बेल्टवर होती. बेल्टवर दागिने चालत नाहीत, बिस्किटात पडतील म्हणून. बाकीचं सगळं ती काढून ठेवायची, मंगळसूत्र काही काढायची नाही. ते ओव्हरऑलच्या आत, गळ्याशी घट्ट. एका नव्या फोरमननं ते बघितलं आणि तिला भर शिफ्टमध्ये घरी पाठवलं. सगळ्या बायकांसमोरून रडत गेली ती. दुसऱ्या दिवशी गळा मोकळा ठेवून कामावर आली. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात मोठा मॅनेजर पाहुण्यांना घेऊन फ्लोअरवर आला. मनगटात सोन्याचं घड्याळ, बोटात अंगठी, डोक्यावर जाळीची टोपी नाही. इसाकभाई भट्टीवर होता. तिथून चालत आला आणि त्यानं बेल्टचं लाल बटण दाबलं. सगळा बेल्ट थांबला. बिस्किटं एकमेकांवर चढली.

"सर," तो मॅनेजरला म्हणाला. "वॉच. रिंग. हॅट."

त्याचं इंग्लिश एवढंच. पण मॅनेजरला समजायला पुरेसं होतं. मॅनेजर हसला. पाहुण्यांपुढे हसावंच लागलं. घड्याळ काढलं, अंगठी काढली, टोपी घातली. इसाकभाईनं बटण सोडलं आणि सुशीलाकडे न बघता परत भट्टीवर गेला. पुढच्या सोमवारी त्याला भट्टीच्या तोंडाशी टाकलं, जिथे भुवया जळतात. तिथून तो रिटायर होईपर्यंत हलला नाही. त्याला भाऊ म्हणायला सुशीलानं त्या दिवसापासून सुरुवात केली.

भट्टीचा एक नियम सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. भट्टी जळती सोडून माणसानं जायचं नाही. शिफ्ट संपली, भोंगा झाला, तरी जायचं नाही. तुझा बदली येणार, तुझ्या खांद्याला हात लावणार, "माझी" म्हणणार, मग तू हलायचं. बदली दारू पिऊन घरी पडला असेल तर ते तुझं नशीब. तू उभा.

इसाकभाईच्या डोक्यात हा किडा आला कुठून, ते त्यानं कॅन्टीनमध्ये शंभरदा सांगितलंय. त्याला धर्मातलं फार कळायचं असं नाही. अरबी वाचताना अडखळायचा. मौलवीसाहेबांनी दोनदा सगळ्यांसमोर टोकलं होतं. पण एक गोष्ट त्याच्या आजीनं सांगितलेली, ती त्यानं छातीशी धरलेली. पैगंबरसाहेबांच्या काळात एका मोठ्या घराण्यातल्या बाईनं चोरी केली. घराणं हादरलं. आता आपल्या बाईला शिक्षा होणार! मग पैगंबरसाहेबांचा लाडका माणूस शोधून त्याच्यामार्फत रदबदली लावली. ते रागावले. म्हणाले, आधीचे लोक बुडाले ते यामुळेच, मोठ्यानं चोरी केली की सोडायचे आणि गरिबानं केली की धरायचे. माझ्या स्वतःच्या मुलीनं केली असती तरी हीच शिक्षा झाली असती.

"सोताची लेक, गणपत!" इथे इसाकभाईचा आवाज फाटायचा. "लाडकी लेक! आन् तुजा फोरमन कोण लागून गेला?"

शिक्षा कडक आहे की नाही, त्यावर तो वाद घालायचा नाही. त्याला त्या गोष्टीतलं एवढंच दिसायचं, की तिथे मोठा कोणी नव्हता. ऐकून ऐकून आम्हाला कंटाळा यायचा. तो मात्र दर वेळी पहिल्यांदा सांगतोय असं सांगायचा.

मशीद म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाची दोन घरं मधली भिंत पाडून एक केलेली. समोरच बसस्टॉप. जागा मिळवण्यात हाजीसाहेबांचा मोठा हात. हाजीसाहेब म्हणजे नदीमचा बाप, कॅश अँड कॅरीचे, म्हणजे घाऊक किराणा दुकानाचे मालक, कमिटीचे चेअरमन. बोलायला गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही, चढवायची गरज पडली नाही. दाराच्या आत बुटांचं रॅक होतं आणि त्यातला सगळ्यात वरचा कप्पा, रेडिएटरच्या बाजूचा, हाजीसाहेबांच्या घरचा. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण थंडीत बाकीचे लोक गार बुटांत पाय घालायचे आणि त्यांचे बूट ऊबदार असायचे.

या कोकणी लोकांनी गावाकडची एक रीत इथे आणली होती. जमातीत कोणी उघड चुकला तर त्याला शुक्रवारच्या नमाजला बुटांपाशी उभं करायचं. येणाऱ्याचे बूट त्यानं हातानं उचलून लावायचे, जाणाऱ्याला काढून द्यायचे. मारायचं नाही, बोलायचं नाही. कमिटी पुरे म्हणेपर्यंत दर शुक्रवारी.

युसुफ नावाचा एक माणूस होता. रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. बायको-पोरं गावी. लाजाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका दुपारी तो पिऊन बसस्टॉपवर पडलेला सापडला, बरोबर मशिदीसमोर, जुम्म्याच्या वेळी. सगळ्यांनी पाहिलं. कमिटी बसली. कोणी म्हणालं, जाऊ दे, एकटा माणूस आहे, समज देऊ. नाही म्हणाला तो इसाकभाई, तोही कमिटीत होता. टेबलावर हात आपटून म्हणाला की रीत आहे ती आहे.

युसुफ त्याच्या घरी आला होता. मागच्या अंगणात बोलले, मी कुंपणाच्या अलीकडे झाडं बांधत होतो.

"इसाकभाई, मी उभा राहीन. चुकलो मी. पण एक सांगा. हाजीसाहेबांचं पोरगं असतं तर?"

"तोपण उभा राहिला असता."

"खरं?"

"माजी जबान हाय तुला. पोरगं कनाला, सोता हाजी असता तरी."

युसुफ उभा राहिला. मी बसस्टॉपवरून बघायचो. खाली मान घालून सगळ्यांचे बूट लावायचा, हाजीसाहेबांचे वरच्या कप्प्यात. बातमी गावी पोचली. सासऱ्यानं बायकोला आणि पोरांना आपल्याकडे नेलं ते परत पाठवलं नाही. शिक्षा संपल्यावर युसुफ मँचेस्टरला निघून गेला. इसाकभाई तेव्हा म्हणाला, "वाईट झालं. पण खरं झालं." सुशीला त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

आणि मग हाजीसाहेबांचं पोरगं प्यालं.

नदीम तेव्हा युनिव्हर्सिटीत होता, सुट्टीत घरी आलेला. ईदचे दिवस. भर दुपारी बापाची गाडी घेऊन निघाला तो आमच्या कोपऱ्यावरून वळताना फुटपाथवर चढला. फुटपाथवर माझी बायको होती, दुधाच्या बाटल्या घेऊन. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती शुद्धीवर होती. तिनंच सांगितलं की पोराच्या तोंडाला दारूचा भपका होता आणि तो "मम्मी, मम्मी" करत रडत होता. पोलिसांनी फुंकायला लावलं, त्यातही तेच निघालं.

कोर्टात त्याच्या बाजूनं एक गोरा वकील उभा राहिला. चांगलं घर, हुशार मुलगा, पुढे सगळं आयुष्य पडलंय, असं बोलला. कोर्टानं दंड केला, लायसन्स काढून घेतलं, घरी पाठवलं. माझ्या बायकोच्या पुढे काय पडलं होतं ते कोणी विचारलं नाही. पाय एक इंच आखूड झाला. पॅकिंगच्या बेल्टवर परत उभी राहिली नाही ती. मरेपर्यंत काठी.

हाजीसाहेब हॉस्पिटलमध्ये आले. फळांची करंडी, एवढा मोठा फुलांचा गुच्छ. नदीम मागे उभा. हाजीसाहेबांचे डोळे भरले होते, ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. "ताई," म्हणाले, "पोराला माफ करा." सुशीलानं नदीमकडे पाहिलं. म्हणाली, "केलं माफ. रडू नकोस रे." तशीच होती ती. तिच्या जागी मी असतो तर करंडी तोंडावर मारली असती.

पुढच्या शुक्रवारी हाजीसाहेबांनी कमिटीला सांगितलं, त्या बाईनं माफ केलंय, विषय संपला.

इसाकभाई उभा राहिला आणि म्हणाला, विषय संपला नाय. मीटिंग बोलवा, आन् त्या बाईलाच विचारा.

मशिदीच्या मागच्या खोलीत मीटिंग झाली. आम्हा दोघांना साक्षीला नेलं. सुशीला व्हीलचेअरवर. हाजीसाहेबांनी तिच्यासाठी स्वतः उशी आणली. नदीम आला नव्हता. परीक्षा होती म्हणे.

"सुशीलाबाय," इसाकभाईनं विचारलं, "तू माफ केलंस?"

"हो, भाऊ. केलं. सोडा आता. पोरगं आहे."

"काय माफ केलंस?"

"म्हणजे? माझा पाय."

"बरोबर. पाय तुजा. तुजा हक्क, तू सोडलास, तुला सवाब मिळेल." मग तो हाजीसाहेबांकडे वळला. "पण ही बाय पायाची धनी हाय. दारूची धनी नाय. दारूचा गुन्हा हिच्याकडे केलेला नाय, तो हिला माफ करता येत नाय. तुमाला पण येत नाय."

हाजीसाहेब शांतपणे म्हणाले, "इसाकभाई, मुलाचं करिअर आहे. लग्नाचं बोलणं चाललंय. लोक बघतील."

"युसुफचं तर लग्न झालेलं व्हतं. ते पण लोकांनी बघितलं."

मौलवीसाहेब उर्दूत बोलले. हा मुल्क आपला नाही, इथे शिक्षा करायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय मुसलमानानं मुसलमानाच्या ऐबावर पांघरूण घालावं, ते चांगलं. चांगलं बोलले. त्यांच्या आवाजात दया होती. मला ते पटलंसुद्धा असतं.

इसाकभाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ता पांघरूण युसुफच्या टायमाला खय व्हतं?"

मौलवीसाहेबांनी खाली बघितलं. ते कमिटीच्या घरात राहायचे, कमिटीच्या पगारावर.

"तू तर तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतास, इसाक," एक जण म्हणाला. आणि खोलीतले चारपाच जण हसले.

हसले ते. माझ्या बायकोचा पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये समोर ताठ, आणि ते हसले. मी उठलो होतो, सुशीलानं माझी बाही धरली. इसाकभाईचा चेहरा मात्र कोणीतरी आतून दिवा काढून घ्यावा तसा झाला. "व्हय," तो म्हणाला. "मीच ओरडत व्हतो. म्हणून तर बोलतंय. हा पोरगा उभा नाय राहिला तर युसुफवर मी जुलूम केला. रीत नाय व्हती ती. गरीब सापडला म्हणून चेचला."

हात वर करून ठराव झाला. नदीमला समज देण्यात यावी. विषय संपला.

मोठ्या लोकांवर राग काढतो म्हणून हे मुसलमानांचं काही खास आहे असं कोणी समजू नये. आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणाला डॉक्टर लोक पहिल्या पंगतीला आणि कारखान्यातले आम्ही भांडी घासायला. हॉलची काच कामगाराच्या पोरानं फोडली तर बापाला बोलावून घेतलं, मोठ्या डॉक्टरच्या पोरानं फोडली तर "काच जुनीच होती." फरक एवढाच की आमच्यात टेबलावर हात आपटणारा कोणी निघाला नाही.

पंधरा दिवसांनी इसाकभाई म्हणाला, "गणपत, मँचेस्टरला येतंस?" दोघांनाही इंग्लिश पाट्या धड वाचता येत नव्हत्या. लांब पल्ल्याच्या बसमधून, कोचमधून उतरून विचारत विचारत, चुकत, भिजत एका रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी पोचलो. युसुफ बाहेर आला. अंगावर ॲप्रन, हात कोपरापर्यंत ओले. आमच्याकडे बघून घाबरला आधी.

इसाकभाईला ओरडून बोलायची सवय, पण त्या दिवशी हळू बोलला. "युसुफ," एवढंच म्हणाला.

युसुफला सगळं समजलेलं होतं. अशा बातम्या आपल्या लोकांत स्लाऊहून मँचेस्टरला गाडीच्या आधी पोचतात. त्यानं शांतपणे विचारलं, "उभा राहिला का तो, इसाकभाई?"

इसाकभाईनं मान हलवली. नाही.

"बरं," युसुफ म्हणाला. "भांडी पडलीत माझी." आणि आत गेला. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या कोचमध्ये इसाकभाई खिडकीकडे तोंड करून होता. मी संत्रं सोलून दिलं तर हातात धरून बसला.

पुढच्या शुक्रवारी मी बसस्टॉपवर होतो. मशिदीच्या दारात, रॅकपाशी, लाल दाढीचा इसाकभाई उभा. येणाऱ्याचे बूट उचलून लावतोय. त्याला कोणी शिक्षा केली नव्हती. लोक ओशाळले. एक जण म्हणाला, "अहो, हे काय?" तर म्हणाला, "बूट दे." हाजीसाहेब आले. त्यांचे बूट त्यानं दोन्ही हातांनी अदबीनं घेतले आणि खालच्या कप्प्यात, दाराच्या वाऱ्यात, एका रस्ता झाडणाऱ्याच्या बुटांशेजारी ठेवले. नमाज संपल्यावर हाजीसाहेबांनी गार बुटांत पाय घातले. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. वरच्या ऊबदार कप्प्यात ज्याचे बूट आधी येतील त्याचे.

मी त्याला म्हटलं, "अरे, तू तिथे किती दिवस उभा राहणार?"

"बदली येईपर्यंत."

"कोण बदली?"

"तुला ठावं हाय कोण. भट्टी जळती सोडून जायचं नाय, गणपत. माज्या आधी युसुफ उभा व्हता. त्याच्या नंतर ज्याची पाळी, तो आला नाय. जागा रिकामी कशी ठेवू?"

आठवडे गेले, मग वर्षं. लोकांना सवय झाली. नवीन लोकांना वाटायचं मशिदीनं ठेवलेला नोकर आहे, ते त्याच्या हातावर नाणं ठेवायचे. तो ते परत त्यांच्या बुटात टाकायचा. रिटायर झाला, बायको गेली, छातीत कारखान्यातल्या पिठानं घर केलं होतं त्यानं खोकला धरला. उभं राहवेना तेव्हा सुशीलानं आमच्या किचनमधलं स्टूल दिलं. तेच, ज्यावर बसून पत्ते खेळायचा. शुक्रवारी ती काठी टेकत डबा घेऊन दारापर्यंत जायची.

"भाऊ, माझ्या पायाची शपथ आहे. घरी चला."

"तुजा पाय बरा हाय का?"

"बराय."

"मग त्याची शपथ कनाला घालतंस?" आणि डबा उघडून खायला लागायचा.

हाजीसाहेब गेले. नदीम परत स्लाऊला आला, कॅश अँड कॅरी बघायला लागला. तो शुक्रवारी दुसऱ्या मशिदीत जायचा, विंडसरच्या बाजूला. लोकांनी कारणं काढली, पार्किंगचं वगैरे. इथे यायचं म्हणजे त्या दारातून जावं लागलं असतं.

मग त्याला चेअरमन करायचं ठरलं. आता यावंच लागणार.

त्या शुक्रवारी पाऊस होता, इथला बारीक, कंटाळवाणा. मी बसस्टॉपवर उभा होतो. शहरात जायचं होतं, सुशीलाची औषधं आणायला. समोर दारात इसाकभाई स्टुलावर, मफलर कानापर्यंत, दाढीची मेंदी उतरून अर्धी पांढरी झालेली. नदीमची गाडी थांबली. छत्री मिटून तो दारात आला. वाकला, बूट काढले आणि उभा राहिला, हातात बूट धरून. इसाकभाई ते घेईल याची वाट बघत.

इसाकभाईनं घेतले नाहीत. त्यानं त्याच्याकडे वर पाहिलं. मग एक हात भिंतीला आणि एक गुडघ्याला लावून सावकाश उठला. स्टूल उचललं, स्वतःच्या मफलरनं पुसलं आणि नदीमच्या पुढे ठेवलं. आणि एक पाऊल बाजूला सरकून, खांदा जरा पुढे करून उभा राहिला. भट्टीपुढे असाच उभा राहायचा तो, भोंगा झाल्यावर, बदलीचा हात खांद्यावर पडायची वाट बघत. मी तीस वर्षं तो खांदा पाहिलाय.

रस्त्याच्या अलीकडून मी मोठ्यानं ओरडलो असं मला वाटतं. काय ते आठवत नाही.

नदीमनं स्टुलाकडे बघितलं. मग बूट स्वतःच वरच्या कप्प्यात ठेवले, रेडिएटरच्या बाजूला, आणि मोज्यांवर आत गेला.

माझी बस मधे आली. ती गेली तेव्हा इसाकभाई तसाच उभा होता, खांदा पुढे करून. मग त्यानं स्टूल आपल्याकडे ओढलं, त्यावर बसला, आणि पुढच्या माणसाचे बूट घ्यायला हात पुढे केला.